आधीचा फोटो

माझ्या थोरल्या जाऊबाई माणसं पोटावरून ओळखत. चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे. रस्त्यात एखादी बाई ओळखीचं हसली की त्या माझ्या कानाशी लागायच्या, "कोण गं ही?" मी म्हणायचे, "अहो ताई, मागच्या महिन्यात नव्हती का आली, बँकेतली." तरी काही आठवायचं नाही. मग मी हळूच सांगायचे, "डाव्या कुशीला आडव्या रेषा, बेंबीखाली टाक्यांची खूण." "हां हां, ती होय!" असं म्हणून त्या भर रस्त्यात त्या बाईच्या पोटाकडे बघून हसायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आम्ही दोघी एकाच त्वचेच्या दवाखान्यात कामाला होतो. आतल्या खोलीत लेझरच्या मशीनवर त्या आणि बाहेर टेबलावर फाइली आणि फोन घेऊन मी. घरीही वरच्या मजल्यावर त्या, खाली मी. लोकांना जाऊ चार दिवस सोसत नाही. मी वीस वर्षं उठता-बसता सोसली, आणि त्यांनी मला. ही नोकरीही मला त्यांनीच लावून दिली. "तुला बोलायला माणसं लागतात आणि तिथे माणसांना ताटकळत बसावं लागतं. दोघांचीही सोय होईल," असं म्हणाल्या होत्या. माझ्या तोंडाबद्दल घरात सगळ्यांचं एकच मत आहे, आणि ते खोटं नाही. हल्ली त्या मशीनला हात लावत नाहीत. कुणी विचारलं तर आम्ही गुडघेदुखी सांगतो. खरं कारण वेगळं आहे, आणि त्यात माझ्या तोंडाचा वाटा मोठा आहे.

लग्नाआधीपासून त्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम करायच्या. उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन एकेक सुरकुती भरत बसायचं. निगेटिव्हवर रेघ भरली की फोटोत ती नाहीशी होते. मुरमांचे खड्डे, डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं त्यांच्या पेन्सिलीनं घालवलं. माझ्या लग्नाच्या फोटोतही माझी हनुवटी एकच दिसते ती त्यांच्या कृपेनं. पुढे कॉम्प्युटर आले, स्टुडिओला कुलूप लागलं आणि जाऊबाई दोन वर्षं घरात बसून माझ्या स्वयंपाकात चुका काढत राहिल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना पेशंटचे फोटो काढायला माणूस हवं होतं. फोटो काढता काढता त्यांचा स्थिर हात डॉक्टरबाईंच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्यांना मशीन शिकवलं.

आमच्याकडे जास्त करून स्ट्रेच मार्क्ससाठी बायका यायच्या. बाळंतपणानंतरच्या, वजन उतरल्यावरच्या, काही अंगानं एकदम वाढलेल्या कॉलेजच्या मुली. आधी सुन्न करणारं मलम फासून वर प्लास्टिक गुंडाळायचं आणि तासभर बसवून ठेवायचं. तो तास माझा. त्या तासात मला अख्ख्या गावाची सासवा-सुनांची भांडणं कळायची. मग आत जायचं, दोघींनी काळे चष्मे लावायचे, आणि मशीनचं टोक पोटावर टेकवून टेकवून पुढे सरकायचं. टक, टक, टक. प्रत्येक टकीला बारीक ठिपक्यांचा एक चौकोन उमटतो. खोलीत केस जळाल्यासारखा वास येतो. पोट लाल होतं, आठवड्यात खपल्या पडतात, महिन्यानं पुन्हा यायचं. असं चार-पाच वेळा.

जाऊबाई कुणाला खोटी आशा लावत नसत. "खुणा जात नाहीत. पुसट होतात. पांढऱ्या पडलेल्या जुन्या असतील तर थोड्याच, लाल असतील तर बऱ्या. उन्हात जाल तर उलट डाग पडतील," हे सगळं त्या पाढे म्हटल्यासारखं सांगायच्या. दुसरा कडकपणा फोटोचा. जमिनीवर पावलांसाठी चिकटपट्टीच्या दोन खुणा, मागे निळं कापड, दिवा डावीकडून तिरपा, म्हणजे प्रत्येक रेघेची सावली पडून ती नीट दिसते. पोटाखाली फाइलचा नंबर लिहिलेली चिठ्ठी धरायची. चेहरा कधीही नाही. आधीचा एक फोटो आणि शेवटच्या खेपेनंतर एक. दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात कागद लावला होता, 'आधी फोटो, मग लेझर.' एकदा डॉक्टरबाईंच्या सख्ख्या बहिणीलाही त्यांनी फोटोशिवाय टेबलावर चढू दिलं नव्हतं.

पोस्टातली आली ती तिच्या बहिणीबरोबर. पोस्टाच्या काउंटरवर बसणारी ही मुलगी मला तोंडओळखीची होती. तिशीची असेल, सडपातळ, नीटनेटकी. बोलत सगळं बहीणच होती. मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, आजार. "मुलं किती?"

"एक," पोस्टातली म्हणाली.

"नाही, नाही," बहीण घाईनं म्हणाली, "मुलं नाहीत. लिहा तुम्ही. आठव्या महिन्यात गेलं. पाच महिने झाले. आता तिनं हे सगळं मागे टाकायचंय, म्हणून तर आणलंय. आरशात बघितलं की रडते."

मी चौकटीत शून्य लिहिलं. फॉर्ममध्ये शून्य आणि एक यांच्या मधलं काही लिहायला जागाच नसते, आणि असती तरी मला सुचलं नसतं. त्या दिवशी बाहेर सहा पेशंट बसले होते.

तिच्या खुणा अजून लालसर, ताज्या होत्या. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, चांगला गुण येईल. पहिल्या खेपेच्या दिवशी मलमाचा तास तिनं एक शब्द न बोलता काढला. माझ्या कारकिर्दीत अशी पहिलीच. मग ती आत गेली. आत काय झालं ते मला नंतर कळलं. जाऊबाईंनी तिला चिकटपट्टीच्या खुणांवर उभं केलं, दिवा लावला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "कपडा जरा वर धरा." तिनं धरला. आणि तशीच उभ्या उभ्या रडायला लागली. आवाज नाही, काही नाही. हातातला कपडा सोडायचाही तिला सुचेना.

जाऊबाईंनी कॅमेरा खाली ठेवला. "राहू दे," म्हणाल्या, "नंतर काढू." आणि तिला हाताला धरून टेबलावर झोपवलं. आयुष्यात एकदाच नियम मोडला, तो दयेपोटी. नंतर कसला काढणार? लेझर फिरल्यावर आधीचं काही उरतच नाही.

गुण मात्र असा आला की डॉक्टरबाईही चकित. चौथ्या खेपेनंतर महिन्याभरानं ती दाखवायला आली तेव्हा पोटावर काही होतं हे सांगूनही पटलं नसतं. जवळून, दिव्याखाली, जाऊबाईंच्या नजरेला तेवढं दिसायचं. डॉक्टरबाई खूश झाल्या. बाहेरच्या टेबलावर आधी-नंतरच्या फोटोंचा एक अल्बम असायचा, त्यात तिची जोडी घालायची त्यांना फार इच्छा. तिची सहीही घेतली होती. संध्याकाळी मला म्हणाल्या, "हिचे दोन्ही फोटो उद्या काढून ठेव."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. दवाखाना बंद करताना मला म्हणाल्या, "आधीचा नाहीच आहे गं. मी काढलाच नाही. आता डॉक्टरांना काय सांगू?"

आणि मी बोलले. मला भूक लागली होती, घरी जायचं होतं, आणि मला सगळ्यात सोपं तेच सुचलं. "त्यात काय एवढं? दुसऱ्या कुणाचा तरी लावा. पोटं काय, सगळी सारखीच दिसतात."

सगळी सारखीच! हे मी कुणाला सांगत होते, तर ज्या बाईला दोन हजार पोटं तोंडपाठ होती तिला. पण त्या दिवशी त्या घाबरल्या होत्या. वीस वर्षांत कधी चूक न केलेलं माणूस पहिल्या चुकीला फार घाबरतं. आम्ही दोघींनी मिळून कपाट उघडलं आणि जाऊबाईंनीच फोटो शोधला. बसवर कंडक्टर असलेली एक बाई दोन वर्षांपूर्वी आली होती. तिला जुळं झालेलं. फोटो काढून झाला, चष्मा लावला, मशीनची टकटक कानावर पडली, आणि "मला नाही बाई जमायचं" म्हणून ती उठून गेली ती परत आलीच नाही. त्या फोटोला पुढचा नव्हता आणि आमच्या पोस्टातलीला मागचा नव्हता. रंग जुळत होता, बेंबी जुळत होती. फोटोतल्या चिठ्ठीवरचा नंबर जाऊबाईंनी बदलला. इतका सफाईनं, की स्टुडिओत असत्या तर शाबासकी मिळाली असती. एक प्रत अल्बममध्ये, एक फाइलमध्ये. डॉक्टरबाई म्हणाल्या, "केवढा फरक!" फरक असणारच. दोन बाया होत्या.

जाऊबाईंनी तीन-चार दिवस त्या अल्बमला हात लावला नाही. मी विसरून गेले. खरंच विसरले, आणि माझं सगळ्यात मोठं पाप मी तेच धरते.

जवळजवळ वर्षानं एका दुपारी पोस्टातली एकटीच आली. बाहेर कुणी नव्हतं. जाऊबाई आत एका मुलीच्या पाठीवर काम करत होत्या. मी म्हटलं, "काय, पुन्हा आल्या का रेषा?"

"नाही हो," ती म्हणाली, "उलटंच झालंय." आणि खुर्चीवर बसून ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आंघोळ करताना पोटावरून हात फिरवला आणि काहीच हाताला लागलं नाही. आधी लागायचं, बारीक, सुरकुतल्यासारखं. तेव्हा नकोसं वाटायचं. आता काहीच नाही. "बहिणीनं पाळणा देऊन टाकला. कपडे देऊन टाकले. चांगल्यासाठीच केलं तिनं. दवाखान्यात मला बाळ दाखवलं नाही, म्हणाले, नका बघू. मुलगी होती एवढंच सांगितलं. आता मला कुणी म्हटलं की तुला कधी काही झालंच नव्हतं, तर माझ्याकडे दाखवायला काय आहे? तुमच्याकडे आधीचा फोटो असेल ना? त्या दिवशी मी रडत होते, मला काही आठवत नाही. पण दारावर लिहिलंय, आधी फोटो. तो मला मिळेल का?"

"मिळेल की!" मी म्हटलं. अशा वेळी मला फार उत्साह येतो. उठले, कपाट उघडलं, नंबर बघितला, फाइल काढली, फोटो काढला आणि तिच्या हातात ठेवला. ठेवल्यावर मला आठवलं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. जाऊबाई चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. पोस्टातली फोटोवर वाकली होती. तिनं एक बोट त्या रेषांवर ठेवलं होतं, कागदाला लागेल न लागेल असं.

"एवढ्या होत्या?" ती म्हणाली. "मी तेव्हा स्वतःकडे बघितलंच नव्हतं. एवढं पोट ताणलेलं?" मग तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा उजळलेला मी तिचा कधी पाहिला नव्हता. "म्हणजे मोठी असणार हो ती. दणकट असणार."

बोलायची वेळ तीच होती. मी जाऊबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आतून ती मुलगी ओरडली, "झालं का? गार लागतंय!" आणि जाऊबाई आत गेल्या. पोस्टातलीनं फोटो पर्समध्ये ठेवला, माझे दोन्ही हात धरले आणि गेली. मी चहा मागवला, आणि तो माझ्यासमोर निवून गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात वर-खाली एकच वाद. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून जाऊबाई मला हाक मारायच्या, "अगं, तिला सांगायला हवं."

"कशाला?" मी खालून. "तिला समाधान मिळालंय ना? मग झालं तर. आपण तोंड बंद ठेवायचं." मी तोंड बंद ठेवायचा सल्ला देते म्हणजे प्रकरण किती गंभीर ते ओळखा.

"तिची पोर दुसऱ्याच बाईच्या पोटावर वाढतेय," जाऊबाई म्हणायच्या. "रोज थोडी थोडी. दणकट म्हणाली ती. जुळ्यांचं पोट आहे ते!"

मोठे दीर बिचारे पेपर वाचत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, कुणाची पोर, काय प्रकरण आहे. जाऊबाईंनी सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "सांगून कुणाचं भलं होईल, तिचं की तुझं?" जाऊबाईंना ते लागलं. दोन दिवस जेवल्या नाहीत.

कदाचित त्या गप्पही राहिल्या असत्या. पण तीन महिन्यांनी पोस्टातलीचा फोन आला. मीच घेतला. ती अगदी मोकळेपणानं बोलत होती. नवऱ्याला फोटो दाखवला म्हणाली. इतके दिवस तो विषय काढला की उठून जायचा, तो फोटो बघून पहिल्यांदा रडला. आता ते दोघं मुलीबद्दल बोलतात. तिला नाव ठेवलंय. फोटो मोठा करून हवाय, घरात लावायला. "तुमच्या ताई पूर्वी स्टुडिओत होत्या ना? त्यांना म्हणावं, मूळ फोटोवरून चांगला करून द्या. धूळबिळ असेल ती काढा, पण खुणांना हात लावू नका."

मी निरोप सांगितला. पोटात ठेवायला हवा होता, पण मला कुठलं जमतंय. जाऊबाईंनी खरोखरच फोटो मोठा करून आणला, तीन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिल्या. मोठा केल्यावर सगळंच मोठं दिसतं. त्या मला बोटानं दाखवत होत्या, "हे बघ, दोन बाजूंना वेगवेगळा ताण आहे. एक मूल इकडे होतं, एक तिकडे. मला स्पष्ट दिसतंय. हे मी तिच्या भिंतीवर कसं लावू देऊ? उद्या तिला दुसरं मूल झालं, पुन्हा खुणा आल्या, तर तीच बघेल की आपल्या ह्या अशा नाहीतच. तेव्हा तिला कोण सांगणार? मी असेन का?"

चौथ्या दिवशी त्या साडी बदलून खाली आल्या. मोठा फोटो त्यांनी बरोबर घेतला नव्हता. "चल," म्हणाल्या. "पोस्टात." मी म्हटलं, तिला घरी गाठा, निवांत सांगा. त्या म्हणाल्या, "घरी गेले तर ती चहा करेल, नवरा समोर येऊन बसेल, आणि मी न सांगताच परत येईन. तिची जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिथेच थांबू, बाहेर बाकावर बसून सांगू."

पण आम्ही आत शिरलो आणि पोस्टातलीनं आम्हाला काचेमागूनच बघितलं. काउंटरवर फारशी गर्दी नव्हती, दोन माणसं होती. तिनं हातानं बोलावलं, रांगेत उभं राहायलाच लावलं. जाऊबाई पुढे, मी त्यांच्या मागे, आणि माझ्यामागे एक म्हातारे गृहस्थ पार्सल घेऊन. ती पाकिटांवर शिक्के मारत होती, वजन करत होती आणि मधून मधून आमच्याकडे बघून हसत होती. तेवढ्या वेळात मी जाऊबाईंचा पदर तीनदा ओढला. त्यांनी मागे बघितलं नाही.

"आणला का हो मोठा करून?" त्यांचा नंबर आल्या आल्या ती म्हणाली.

"नाही आणला," जाऊबाई म्हणाल्या. "तो फोटो तुमचा नाही."

तिला कळलं नाही. ती हसतच होती. "म्हणजे?"

"त्या दिवशी तुम्ही रडत होतात. मी कॅमेरा खाली ठेवला. फोटो काढलाच नाही. नंतर डॉक्टरांना दाखवायला हवा होता, म्हणून मी दुसऱ्या एका बाईचा तुमच्या फाइलला लावला. चूक माझी आहे. तुम्ही मागायला आलात त्याच दिवशी मी सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही."

जाऊबाई हे हळू बोलत होत्या, पण काचेच्या छोट्या खिडकीतून बोलायचं म्हणजे वाकून थोडं मोठ्यानंच बोलावं लागतं. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. माझ्या नावाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. माझं वाक्य, कपाट उघडणारे माझे हात, हे सगळं त्यांनी 'मी, मी' म्हणत स्वतःच्या अंगावर घेतलं.

पोस्टातलीच्या हातात शिक्का तसाच राहिला. "मग माझा कुठाय?" तिनं विचारलं.

"नाही. तुमचा नाहीच आहे."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

तिनं शिक्का खाली ठेवला. मागच्या गृहस्थांनी घसा खाकरला. मग तिनं विचारलं, "ह्या कोण आहेत? फोटोतल्या?"

"बसवर कंडक्टर आहेत. जुळं झालं त्यांना."

"जुळं," ती म्हणाली. "जगली दोन्ही?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली. मी तिथे होते, मला माहीत आहे. मग तिनं खालच्या खणातून पर्स काढली. आतल्या कप्प्यात एका जाड पाकिटात तो फोटो होता, कोपरे मुडपू नयेत म्हणून पुठ्ठा घालून ठेवलेला. तिनं तो पुठ्ठ्यासकट काचेखालून सरकवला.

"हा त्यांना नेऊन द्या," ती म्हणाली. "त्यांना लागेल."

जाऊबाईंनी तो उचलला. एका सरळ रेघेसाठी अख्खा स्टुडिओ ज्या हातावर अवलंबून असायचा, तो हात मी त्या दिवशी पहिल्यांदा थरथरताना बघितला. त्या बाजूला झाल्या आणि भिंतीला धरून दाराकडे गेल्या. मला त्यांच्या मागे जायचं होतं. मला वाटत होतं, आपण तिचं दोनदा नेलं. एकदा मशीननं, तिनं मागितलं म्हणून. एकदा खरं बोलून, तिनं न मागता.

"पुढचे," पोस्टातली म्हणाली.

पुढची मीच होते. खिडकीसमोर आले. ती माझ्याकडे बघत होती, डोळे लाल, चेहरा कामाचा. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की त्यांनी नाही, मी सांगितलं होतं असं करायला. फोटोही तुमच्या हातात मीच दिला. वीस वर्षं जिला बोलण्याबद्दल घरीदारी टोमणे ऐकावे लागले, तिला एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

"बोला, काय देऊ?" तिनं विचारलं.

"एक साधं पाकीट," मी म्हटलं.